वाशिष्ठीतल्या बेटावर दोन टाक्या : नियोजनाच्या नोंदी

११ जानेवारी २०२५, शनिवार. चिपळूण

काम ठरलं. वाशिष्ठीच्या खाडीत, गोवळकोटच्या खालच्या अंगाला असलेल्या एका बेटावर पावसाचं पाणी साठवायच्या दोन टाक्या न्यायच्या, एका घराच्या पन्हळीला जोडून द्यायच्या, आणि त्याच फेरीत तिथल्या विहिरींचं पाणी तपासायचं. घरं मोजकी, माणसं बहुतेक साठीच्या पुढची, पूल नाही. बेटाचं नाव या नोंदींत येणार नाही. तिथल्याच लोकांनी तसं सांगितलं आहे. मागे कुणीतरी रील टाकली, तेव्हापासून दर रविवारी बाटल्या घेऊन पोरं उतरायला लागली.

माणसं अशी : भूगोल शिकवून निवृत्त झालेले मास्तर, कॉलेजच्या प्रयोगशाळेत काम करणारी ताई, नळाची कामं करणारा माझा भाचा, आणि दप्तर सांभाळायला मी. पैशांचा हिशेब वेगळ्या वहीत आहे. इथे फक्त जाण्यायेण्याचं लिहायचं. टाकी काय, दुकानात मिळते. ती पाण्यापलीकडे सुखरूप उतरवणं आणि आपण वेळेत परत येणं, खरं काम ते आहे.

१४ जानेवारी, मंगळवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन नानांकडे गेलो. नानांचा उभा जन्म खाडीवर गेला. आता गुडघे धरतात म्हणून लांबची जाळी सोडली आहेत, होडी सोडलेली नाही. टाकी केवढी, वजन किती, माणसं किती, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. पहिला प्रश्न : "परत कवा येनार?"

मास्तर म्हणाले, "नाना, अजून जायचंच ठरतंय."

"जायाला काय, सुकतीला सोडली तर व्हडी आपसूक जाती. परत कवा येनार त्ये सांगा, मंग जायाचं मी सांगतो." सुकती म्हणजे ओहोटी.

घरी येऊन वेळापत्रकाचा कागद उलटा मांडला. परतीची वेळ वरच्या ओळीत, तिच्यावरून बेटावरचं काम, आणि निघायची वेळ सगळ्यांत खाली. मास्तरांना हे फार पटलं. मलाही, पण त्यांच्याइतकं मी बोलून दाखवलं नाही.

१९ जानेवारी, रविवार

दोन्ही वाटा पाहून आलो.

पहिली वाट गोवळकोटच्या जेटीवरून. जेटीपर्यंत टेम्पो थेट जातो, सामान धक्क्यावरून होडीत. पुढे खाडीने खाली तास-दीड तास. दिसायला हीच सोयीची. पण २२ जुलै २०२१ च्या महापुरानंतर पात्र बदललं आहे. पुराने गाळ आणून टाकला, नंतर चिपळूणच्या बाजूला तो बराच काढला गेला, खाली मात्र उथळ पट्टे आपापल्या मर्जीने सरकले. पूर्वी डोळे मिटून चर, म्हणजे खोल पाण्याची वाट, सापडायचा तिथे आता नानासुद्धा बांबू टाकत जातात.

दुसरी वाट रस्त्याने. खाडीच्या काठावरच्या एका गावापर्यंत टेम्पो, तिथून समोर बेट. मधलं पाणी इतकं थोडं की पलीकडच्या अंगणात कोंबडी आरवली तर ऐकू येते. जेटी मात्र नाही. खाजणाचा दगडी बांध, बांधाखाली चिखल, चिखलापुढे पाणी.

आम्ही मुद्दाम ओहोटीची वेळ साधून साडेदहाला पोचलो होतो, म्हणून चिखल पुरता उघडा पाहायला मिळाला. बांधाच्या पायथ्यापासून पाण्याच्या कडेपर्यंत पन्नासेक पावलं. वरून सुकल्यासारखा, राखाडी, त्यावर चकाकती साय. भाच्याने हातातला बांबू नुसता दाबला तर कोपरभर आत गेला, आणि काढताना चिखल तो सोडेना. शेवटी दोघांनी ओढला तेव्हा तळाशी काळं, सडक्या अंड्याच्या वासाचं पाणी वर आलं. निवट्या, चिखलातले ते लहान मासे, टुणटुण उड्या मारत होत्या. जुन्या खुंटांना कालवं चिकटलेली, त्यांच्या धारा ब्लेडसारख्या. अनवाणी उतरायचा प्रश्नच नाही आणि गमबूट घातला तर बूट तिथेच राहतो. थोडं बाजूला चिखलात एक पसरट पट्टा पाण्यापर्यंत गेलेला होता, दोन्ही बाजूंना पंजांचे ठसे. गावातला सोबत आलेला मुलगा सहज म्हणाला, "सकाळची ऊन खायला आलेली असंल." मगर. आम्ही चौघेही दोन पावलं मागे आलो. तो हसला.

अशा काठावरून साडेचार फूट व्यासाची टाकी न्यायची तर एकच उपाय : पाणी बांधापर्यंत येईल त्या दिवशी, त्या तासाला यायचं.

२६ जानेवारी, रविवार. ग्रामसभा

बेटावरची माणसं ग्रामसभेला अलीकडे येतात, म्हणून आजचा दिवस गाठला. सभा संपल्यावर शाळेच्या व्हरांड्यात बसलो.

विहिरी मार्चच्या मध्यापासून मचूळ होतात. आधी डाळ शिजेनाशी होते, मग चहा फाटतो, मग पिणं बंद. त्यानंतर होडीतून कॅन भरून आणायचे, तेही भरती बघून. हे सांगणाऱ्या मावशींना मी विचारलं, पंप लावल्यापासून फरक पडला का? त्या म्हणाल्या, "पंपानं पानी लवकर येतं आनि लवकर खारटतं."

टाक्या कोणाच्या घराला, यावर बरंच बोलणं झालं. शेवटी त्यांनीच ठरवलं. मधल्या आळीतलं, मोठ्या कौलारू छपराचं घर. शेजारी एका पडलेल्या घराचं जांभ्याचं जोतं मोकळं आहे, त्यावर टाक्या बसतील. पाणी सगळ्यांचं. चावीचं त्यांचं ते बघतील.

आणि एक पक्की सूचना मिळाली : फाकपंचमीच्या आत या. फाकपंचमी, म्हणजे शिमग्याची सुरुवात, ४ मार्चला. होळी १३ मार्चला, मग पालखी घरोघरी फिरणार. शिमग्यात कोकणातला माणूस कोणाच्या कामाला होडी काढत नाही, आणि काढावी अशी अपेक्षाही करू नये. मुंबईहून आलेली माणसं परत गेली की पुन्हा गाव मोकळं होतं, पण तोवर गुढीपाडवा, म्हणजे ३० मार्च. तेव्हा विहिरी आधीच मचूळ झालेल्या असणार आणि ताईला गोड्याकडून खाऱ्याकडे होणारा बदल पकडता येणार नाही.

पुढची भिंत पावसाची. एकदा पाऊस लागला की प्रवासी होड्या बंद. म्हणून फेब्रुवारीअखेर किंवा मार्चचे पहिले तीन दिवस. दहावीची परीक्षा २१ फेब्रुवारीपासून आहे, ताईच्या कॉलेजात बारावीचं केंद्र आहे, म्हणजे शनिवार-रविवारच.

२ फेब्रुवारी, रविवार

टाकी कशाची, याचा निकाल आज लावला, कारण त्यावर होडीचं सगळं अवलंबून आहे.

मास्तरांचा ओढा फेरोसिमेंटकडे, म्हणजे लोखंडी जाळीवर सिमेंट थापून केलेल्या टाकीकडे होता. टिकाऊ, जागेवर घडवता येते, हव्या त्या आकाराची. पण तिला लागणारी वाळू खाडीची चालत नाही. खारी वाळू आत गेली की जाळी गंजते. म्हणजे धुतलेली वाळू किंवा क्रशरची वाळू गोण्यांत भरून न्यायची. सिमेंट पन्नास किलोच्या गोण्यांत, होडीत भिजलं की दगड. कालवायला आणि नंतर कमीत कमी आठ-पंधरा दिवस मारायला पाणी, तेही गोडं. गोडं पाणी नाही म्हणून टाकी बांधायची, आणि टाकी बांधायला गोडं पाणी होडीने न्यायचं, हा व्यवहार बसेना. प्लास्टिकच्या दोन हजार लिटरच्या दोन टाक्या घ्यायच्या. एक टाकी दोन माणसं उचलतात.

पाऊस कमी पडण्याची काळजी इथे नाही. छपराचं क्षेत्र सहा बाय नऊ मीटर, म्हणजे ५४ चौरस मीटर. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. चिपळूणच्या बाजूला हंगामात तीन हजार मिलिमीटर सहज होतो. पाचवा हिस्सा वाया गेला असं धरलं तरी सव्वा लाख लिटरच्या वर. दोन्ही टाक्या भरायला शंभरेक मिलिमीटर पुरतो. जूनमधले दोन चांगले दिवस. अडचण साठवणीची आहे : चार हजार लिटर, ऑक्टोबर ते मे असे आठ महिने, म्हणजे दिवसाला सोळा-सतरा लिटर. पिण्यापुरतं, तेही मोजून. सगळ्या आळीला पुरणार नाही हे आजच लिहून ठेवतो, म्हणजे नंतर कोणी आम्हाला मोठेपणा द्यायला नको. हे जमलं तर पुढच्या वर्षी आणखी टाक्या नेता येतील, आणि त्या नेणाऱ्यांना या नोंदी उपयोगी पडाव्यात.

९ फेब्रुवारी, रविवार. माघ शुद्ध द्वादशी

आजचा दिवस काठीचा. बांधाजवळच्या खुंटाला रंगाचे पट्टे मारलेली काठी बांधली आणि मास्तर, भाचा आणि मी सकाळी सातपासून पाणी बघत बसलो.

खाडीवर प्रत्येकाला येणारा हिशेब असा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाला पूर्ण भरती. आज बारस, म्हणजे नऊ. सरकारी कोष्टक रत्नागिरीचं मिळतं; त्यावरून दाभोळला, खाडी समुद्राला मिळते त्या मुखाशी, साडेआठच्या सुमारास पाणी पूर्ण यायला हवं. आमच्या काठीवर पाणी चढायचं थांबलं पावणेदहाला.

दाभोळहून इथवर यायला भरतीला वेळ लागतो, हे तर होतंच. मुखाशी पाणी उतरायला लागलेलं असतं तेव्हा वरच्या अंगाला ते अजून चढतच असतं. तो उशीर आमच्या काठीपुरता सव्वा तासाचा निघाला. पण मग नानांची पाऊणकी नऊ का सांगते? ते तर इथलेच.

मास्तरांनी वहीच्या मागच्या पानावर मांडलं. भरती एका पंधरवड्यात घड्याळाचे बारा तास फिरते. बारा तासांचे पंधरा भाग केले तर दर तिथीला अठ्ठेचाळीस मिनिटं येतात. पाऊणकीत पंचेचाळीस. दर दिवशी तीन मिनिटं मागे पडत पडत बारशीपर्यंत छत्तीस मिनिटं होतात, पुनवेला पाऊण तास, आणि प्रतिपदेला हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो तेव्हा फरक आपोआप पुसला जातो. म्हणजे पाऊणकी पंधरवड्याच्या सुरुवातीला बरोबर आणि शेवटाला घाईची. शिवाय उधाणाच्या दिवसांत (अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, पाणी सगळ्यांत वर चढतं तेव्हा) भरती रोज कमी सरकते, भांगात (अष्टमीच्या आसपास, पाणी कमी चढतं तेव्हा) जास्त, ते वेगळंच.

दुपारी हे नानांना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ते म्हणाले, "व्हय तर. धाव्वीच्या पुढं जरा थांबायचं असतं." त्यांचे वडीलही थांबत असत.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल माघी पौर्णिमा, आज प्रतिपदा. मास्तर एकटेच एसटीने जाऊन आले. उधाणाचं पाणी पाहायचं होतं.

फोनवर त्यांचा आवाज चढलेला. पाणी साडेबाराला पूर्ण, बांधाच्या तिसऱ्या दगडापर्यंत. चिखलाचा मागमूस नाही. होडी बांधाला चिकटून उभी राहिली आणि माणसं पायरीवर पाय ठेवावा तशी उतरली. पावणेबारापासून सव्वा-दीडपर्यंत असं पाणी टिकलं. त्यानंतर झपाट्याने उतरलं आणि अडीचला पुन्हा निवट्या.

म्हणजे आपल्याला दीड तास मिळतो. तोही उधाणाला. भांगात हे पाणी बांधाला शिवतच नाही.

पूर्ण उधाण अमावास्या-पौर्णिमेच्या दिवशीच असतं असं नाही, एक-दोन दिवस मागून येतं. अमावास्या २७ फेब्रुवारीला. १ मार्च शनिवार, बीज. २ मार्च रविवार, तृतीया. फाकपंचमीच्या आत, परीक्षेतून सुटी, आणि उधाण ऐन भरात. तारीख ठरली, आपण ठरवली असं काही म्हणता येणार नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार. नानांच्या अंगणात

टाकीचा कागदी पुठ्ठ्याचा तळ कापून नेला होता. होडीत ठेवला तर दोन्ही काठांच्या बाहेर. आडवी ठेवावी तर गडगडते, उभी ठेवावी तर वारा धरते. भाच्याची सूचना : झाकण घट्ट बसवून टाकी पाण्यात सोडायची आणि मागून ओढत न्यायची, तरंगतेच आहे. नाना हसून म्हणाले, "दोर सुटला तर तुमची टाकी दाभोळात मिळंल."

ठरलं ते असं. दोन होड्या शेजारी-शेजारी, आडवे तीन बांबू, वर फळ्या, त्यावर टाक्या उभ्या. दोर टाकीच्या मानेतून नाही, कमरेतून. मान पकडली तर टाकी वरून ओढली जाते आणि कलते. पूर्वी याच पद्धतीने खाडीपार मोटारी नेत, तेव्हा दोन टाक्यांचं काय मोठंसं. मशीन एकाच होडीला, दुसऱ्या होडीत वल्ही आणि बांबू घेऊन नानांचा पुतण्या.

गोवळकोटची वाट आज रद्द केली. कारण गाळ नाही, वारा. दुपारी खाडीत समुद्राकडून वारा भरतो आणि खाली जाणाऱ्या होडीला तो समोरून लागतो. उघड्या खाडीत तासभर, वर दोन टाक्यांची शिडं. भरती दुपारची हवी आणि वारा सकाळचा हवा, हे एका दिवसात जमत नाही. काठावरून पलीकडे मात्र दहा मिनिटं, तीही बेटाच्या आडोशाने.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

मगरींबद्दल वनखात्यातल्या ओळखीच्या माणसाशी बोललो. फेब्रुवारी ते एप्रिल हा मादीचा अंडी घालायचा काळ. काठावरच्या मऊ मातीत, पाण्यापासून थोडं वर घरटं करते आणि आसपास राहते. म्हणून बेटाच्या खालच्या टोकाची विहीर कितीही महत्त्वाची असली तरी तिकडे काठाने जायचं नाही, आतल्या पायवाटेने जायचं. हात-पाय धुवायला पाण्याच्या कडेला बसायचं नाही. भांडी विहिरीवर. मगर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तिला हुसकावायला दगड मारणं वगैरे आपल्यापैकी कोणी करणार नाही, पण सोबत येणाऱ्या टेम्पोवाल्यालाही सांगून ठेवायचं.

खरी भीती फुरशाची, त्या विषारी सापाची. जांभ्याचं पडकं जोतं म्हणजे फुरशाचं आवडतं घर. चिरे हाताने नाही हलवायचे, पहारीने. कोणाला दंश झाला तर होडीतून अलीकडे, बांधावरून १०८ ला फोन, कामथ्याचं उपजिल्हा रुग्णालय. रात्रीच्या ओहोटीत हे करायची वेळ आली तर चिखल ओलांडायला लांब फळ्या लागतील. चार फळ्या अलीकडे, चार पलीकडे, दोन्ही ठिकाणी तयार ठेवायच्या. वजन वाढतंय, पण फळ्या कमी करणार नाही.

जॅकेटं जितकी डोकी तितकी. नानांनी स्वतःला नको म्हटलं. ताईने त्यांना सांगितलं, "तुम्ही नाही घातलंत तर मी बसणार नाही." विषय संपला.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज पाणीतपासणीचं वेळापत्रक. मुक्काम का हवा, हे इथे कळतं.

बेटावरच्या विहिरीतलं गोडं पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं. ढोबळ नियम असा की समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट असेल तर खाली सुमारे चाळीस फूट गोडं असतं. उलट बाजूने वाचलं तर धसका बसतो : उपशाने पातळी फूटभर उतरली की खालून खारं चाळीस फूट वर यायला बघतं. मावशी पंपाबद्दल जे म्हणाल्या ते हेच. लहान बेटावर हा थर मुळात पातळ, त्यात भरती-ओहोटीने तो वर-खाली हलतो. म्हणून प्रत्येक विहिरीचं पाणी भरतीला आणि ओहोटीला, दोन्ही वेळा मोजायचं. शनिवारी दुपारची भरती, संध्याकाळी साडेसातच्या पुढची ओहोटी, रविवारी सकाळी आठच्या सुमाराची ओहोटी. मध्यरात्रीनंतरची भरती ताईला हवी होती. विहिरीच्या काठावर अंधारात नको, म्हणून सोडली.

टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) मोजायचे मीटर दोन, एकावर विसंबायचं नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत ठीक, दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यायचं. क्लोराइडसाठी बाटल्या भरून प्रयोगशाळेत आणायच्या.

मास्तरांनी आज एक आकडा काढून सगळ्यांना गप्प केलं. कोयनेचं अवजल, म्हणजे वीज तयार करून सोडलेलं पाणी. पोफळीला वीज तयार करून ते पाणी कोळकेवाडी धरणात येतं, तिथून पुन्हा वीज करून वाशिष्ठीत सुटतं. कृष्णेच्या खोऱ्यातून असं पश्चिमेकडे वळवायची वर्षाची मर्यादा ६७.५ टीएमसी, म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. कोकणातल्या बाकीच्या नद्या फेब्रुवारीत डबक्यांवर येतात, वाशिष्ठी उन्हाळ्यातही वाहते ती यामुळे. एवढं गोडं पाणी ज्या खाडीत उतरतं त्या खाडीतल्या बेटावर आपण चार हजार लिटरच्या टाक्या घेऊन चाललो आहोत. ताई म्हणाली, "आकडा छान आहे मास्तर, पण तो होडीत बसत नाही." पुढचं काम सुरू केलं.

आपलं प्यायचं पाणी आपण न्यायचं. चौघांना दोन दिवसांचे वीस लिटरचे दोन कॅन. तिथल्या माणसांनी होडीने आणलेलं पाणी आपण पिऊन यायचं हे शोभणार नाही. जेवण मात्र त्यांनी सांगितलं आहे आणि त्याला नाही म्हणायचं नाही. तांदूळ, नारळ आणि भाजी आपण देणार.

२६ फेब्रुवारी, बुधवार. महाशिवरात्र

टेम्पो बदलला. आधीच्याची गाडी लांब. बांधाजवळ वळत नाही. नवीन गाडी लहान, पण दोन्ही टाक्या उभ्या बसतात. शेवटचा अर्धा किलोमीटर उलटा जायचा, हे चालकाला जागेवर नेऊन दाखवलं. त्याने फक्त वरून लोंबणाऱ्या आंब्याच्या फांद्या बघितल्या. ज्यांचं झाड त्यांना विचारून एक फांदी दोराने वर बांधून घेतली. कांदळवनाच्या तर पानालाही हात लावायचा नाही, हे त्याला आणि पुतण्याला निराळं सांगितलं; जुनी पायवाट आहे तेवढीच वापरायची.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार. रात्री

कागद पक्का झाला. वरच्या ओळीपासून :

रविवार २ मार्च, बेटावरून होडी सुटणार दुपारी सव्वाला. पाणी पावणेदोनच्या सुमारास पूर्ण होईल, म्हणजे चढत्या पाण्यावर निघायचं. चढत्या पाण्यात रुतलो तर पाणीच सोडवतं, उतरत्यात रुतलो तर पुढची भरती येईपर्यंत तिथेच. सामान साडेबाराला काठावर. ही वेळ चुकली तर सोमवारची भरती, अडीचची. तीही चुकली तर मंगळवारी फाकपंचमी, आणि मग नानांना विचारायचंसुद्धा नाही.

रविवारी सकाळी आठला शेवटचे नमुने. त्यानंतर पन्हळीची जोडणी, पहिल्या पावसाचं घाण पाणी बाजूला काढायचा पाइप आणि त्याची चावी मावशींना दाखवणं. भाच्याला यासाठी चार तास हवे आहेत. शनिवारी संध्याकाळपर्यंत टाक्या जोत्यावर बसल्या तरच ते मिळतील.

शनिवार १ मार्च. कोष्टकावरून दाभोळचं पाणी बाराच्या जरा आधी, अधिक सव्वा तास, म्हणजे एक. नानांची बीज दीड सांगते. दोन्हींच्या आत काम उरकायचं : साडेबाराला जोडहोडी बांधावरून सुटणार. टेम्पो बांधावर अकराला, चिपळुणातून साडेनऊला.

हे सगळं वाचून दाखवल्यावर नाना म्हणाले, "टेम्पो नऊला काढा. बांबू बांधायला येळ लागतो, आनि पानी कुनासाठी थांबत नाय." नऊला काढायचा. सगळ्यांना कळवलं. मशीनचं डिझेल आणि जादा दोर भाच्याकडे, फळ्या टेम्पोत सगळ्यांत आधी चढवायच्या म्हणजे उतरताना शेवटी येतील आणि टाक्यांच्या आड येणार नाहीत.